लग्नाआधी ‘मॅरेज लायसन्स’: आपल्याकडे नोटीस कधी द्यायची, कोणाला गरज, कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी मूळची सांगलीची, पुण्यात भाड्याच्या घरात राहून नोकरी करते. मुलगा नाशिकचा, सध्या न्यू जर्सीत. दोघंही हिंदू, जात वेगळी, घरच्यांची संमती आहे. मुहूर्त १२ डिसेंबर २०२६ चा. मुलगा ऑक्टोबरमध्ये आठवडाभर येऊ शकतो, मग थेट डिसेंबरात तीन आठवडे. मुलीला लग्नानंतर लवकरात लवकर एच-४ व्हिसा (अमेरिकेत कामाच्या व्हिसावर असणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा) हवा आहे. मुलाचे तिकडचे मित्र म्हणतात, आधी लायसन्स काढा. इकडचे नातेवाईक म्हणतात, आधी कोर्ट मॅरेज उरकून घ्या. तर नेमकं काय करायचं?

आधी ‘लायसन्स’ या शब्दाचा गुंता सोडवू. अमेरिकेत लग्न लावण्याआधी स्थानिक कार्यालयातून परवाना काढावाच लागतो. न्यू जर्सीत अर्ज दिल्यापासून ७२ तास थांबावं लागतं, परवाना हातात आला की लग्न लावणारा त्यावर सही करून तो दाखल करतो. भारतात हिंदू विवाहाला असा कोणताही पूर्वपरवाना लागत नाही. लग्न विधींनी लागतं, नोंदणी त्यानंतर होते. तुमच्यासारख्या जोडप्याला लग्नाआधी सरकारदरबारी अर्ज द्यावा लागतो तो फक्त विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं असेल तर. आपण ज्याला ‘कोर्ट मॅरेज’ किंवा ‘रजिस्टर लग्न’ म्हणतो ते हेच. त्यात कोर्टाचा काही संबंध नसतो, ते विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं. त्यासाठी द्यायच्या अर्जाला ‘नियोजित विवाहाची नोटीस’ म्हणतात. परवान्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट ती हीच.

म्हणून पहिला निर्णय कागदपत्रांचा नाही, कायद्याचा. रस्ते दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो.

पहिला रस्ता हिंदू विवाह कायदा, १९५५ चा. वधू-वर हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर दोघांपैकी एकाच्या समाजात रूढ असलेल्या विधींनी लग्न लागतं. सप्तपदी ज्या विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. बौद्ध पद्धतीनं लग्न लागत असेल तर तिथे सप्तपदी शोधायची नसते. त्यानंतर महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ‘नमुना ड’ भरून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा क्षेत्रीय कार्यालयात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विवाह निबंधकाकडे नोंदणी होते. लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची, उशीर झाला तर फी वाढते, पण नोंदणी नाकारली जात नाही. यात नोटीस नाही, तीस दिवसांची वाट नाही.

दुसरा रस्ता विशेष विवाह कायद्याचा. धर्म वेगळे असोत वा एकच, विधी करायचे असोत वा नसोत, कोणालाही तो खुला आहे. धर्म बदलावा लागत नाही. पण नोटीस, फलकावरची प्रसिद्धी आणि तीस दिवस हे चुकत नाही.

तुम्ही दोघं हिंदू आहात आणि १२ डिसेंबरला विधिवत लग्न होणारच आहे. माझं स्पष्ट मत असं की तुम्हाला पहिला रस्ता पुरेसा आहे. शनिवारी लग्न लागलं की सोमवारी १४ तारखेला नमुना ड घेऊन कार्यालयात जा. एच-४ साठी लागतं ते सरकारी विवाह प्रमाणपत्र, ते कोणत्या कायद्याखालचं आहे यानं फरक पडत नाही. फक्त एक तयारी लग्नाआधी करून ठेवा. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि त्यांचा ओळखीचा पुरावा लागतो, आणि लग्नाच्या सोमवारी गुरुजी तिसऱ्याच गावी दुसऱ्या मुहूर्तावर असतात. नमुना आधीच भरून मांडवात घेऊन जा आणि लग्न लागल्यावर, जेवणाच्या पंगती बसायच्या आत, त्यांची सही घ्या. तीन साक्षीदारही असे निवडा जे सोमवारी पुण्यात असतील. सांगलीहून बसनं आलेले मामा रविवारी परत गेलेले असतात. लग्नपत्रिकेची एक स्वच्छ प्रत आणि विधी चालू असतानाचा, दोघांचे चेहरे नीट दिसणारा एक फोटो बाजूला काढून ठेवा. स्वागत समारंभातला फोटो विवाहाचा पुरावा म्हणून कमजोर असतो. हार घालतानाचा किंवा सप्तपदीचा द्या.

आता इकडच्या नातेवाइकांचा सल्ला. ‘आधी नोंदणी करून टाका, लग्न मग डिसेंबरात’ हे बऱ्याच घरांत व्हिसाच्या घाईपोटी केलं जातं: दोन हार, एक फोटो, ओळखीच्या गुरुजींची सही आणि नमुना ड वर न लागलेल्या लग्नाची तारीख. हे करू नका. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीनं विवाह होत नाही. प्रमाणपत्र हा लागलेल्या लग्नाचा पुरावा आहे, त्यानं लग्न लागत नाही. पुढे वाद झाला, किंवा व्हिसाच्या मुलाखतीत ‘लग्न कधी, कुठे झालं’ या साध्या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं निघाली, तर तो कागद तुमच्याच विरुद्ध जातो. सोहळ्याआधी प्रमाणपत्र हवंच असेल तर त्याचा सरळ मार्ग एकच, विशेष विवाह कायदा. तुमच्या बाबतीत तो शक्यही आहे, कारण मुलगा ऑक्टोबरमध्ये येतो आहे. आणि ज्यांचे धर्म वेगळे आहेत त्यांच्यासाठी तर मुख्य रस्ता तोच. म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

सर्वांत जास्त लग्नं अडतात ती तारखांच्या हिशेबात. कायद्यात तीन मुदती आहेत आणि तिन्हींची सुरुवात वेगवेगळ्या दिवसापासून होते. पहिली: नोटीस देण्याच्या लगेच आधीचे किमान ३० दिवस दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. दोघांनी राहायची गरज नाही. मुलगी पुण्यात राहते, तेवढं पुरतं. दुसरी: नोटीस फलकावर प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी. ते उलटल्याशिवाय विवाह लागत नाही. तिसरी: नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथली मेख बघा. तीस दिवस मोजायचे प्रसिद्धीपासून, तीन महिने मोजायचे नोटीस दिल्यापासून. कार्यालयानं नोटीस चार दिवस उशिरा लावली तर पुढचं दार चार दिवस उशिरा उघडतं, पण मागचं दार ठरल्या दिवशीच बंद होतं. म्हणून नोटीस दिल्यावर ती फलकावर कोणत्या तारखेला लागली हे विचारून लिहून घ्या. पावतीवरची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख एकच असेल असं धरून चालू नका.

तुमच्या तारखा घालून बघू. मुलगा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला आणि सोमवारी ५ ऑक्टोबर २०२६ ला नोटीस दिली. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती लागली असं धरलं तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर तीस दिवस संपतात, आणि नोटीस ५ जानेवारी २०२७ च्या आसपास मरते. डिसेंबर आरामात मध्ये बसतो. हीच नोटीस कोणी हौसेनं ऑगस्टच्या शेवटी देऊन ठेवली तर नोव्हेंबर संपता संपता ती बाद होते आणि डिसेंबरातल्या लग्नाला उपयोगाची राहत नाही. उलट दिवाळी होऊ दे म्हणत थांबलात तर यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पाडवा-भाऊबीज उरकून कार्यालय उघडेपर्यंत १२ डिसेंबरच्या आधीचे तीस दिवस हातातून गेलेले असतात. लग्नाच्या तारखेच्या साधारण दोन महिने आधी नोटीस द्यावी. एखादी हरकत आलीच तरी तिच्या चौकशीला कायद्यानं दिलेले तीस दिवस त्यात सामावतात.

आणखी एक साधी गोष्ट, जी पत्रिका छापून झाल्यावर लक्षात येते. १२ डिसेंबरला शनिवार आहे आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. मुहूर्ताच्याच दिवशी कार्यालयात जाऊन सही करू, हे जमणार नाही. कायदा अधिकाऱ्याला जादा फी घेऊन कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर विवाह लावायची मुभा देतो, पण त्यांच्या वेळेवर विसंबून मुहूर्त गाठायचा प्रयत्न करू नये. तुम्ही गुरुवार १० किंवा शुक्रवार ११ डिसेंबर धरा. तुळशीचं लग्न झालं की या कार्यालयांतही लगीनघाई सुरू होते, तेव्हा वेळ आधीच घेऊन ठेवा.

क्रमाबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून जपा. विशेष विवाह कायद्याखाली विवाहाच्या दिवशी तुम्ही दोघं ज्या घोषणापत्रावर सही करता त्यात ‘मी सध्या अविवाहित आहे’ असं लिहिलेलं असतं, किंवा विधुर, विधवा, घटस्फोटित यांपैकी जे असेल ते. १२ तारखेला वैदिक पद्धतीनं लग्न लावून १५ तारखेला त्या वाक्याखाली सही केली तर ते खोटं विधान ठरतं, कारण दोघं हिंदू असाल तर १२ तारखेलाच तुमचा विवाह झालेला आहे. त्यामुळे सही आधी, विधी नंतर. विधी आधी झालेच असतील तर त्याच कायद्याच्या कलम १५ खाली झालेल्या विवाहाची नोंदणी करता येते. पण तिथेही सूचना लावून तीस दिवस थांबावं लागतं, आणि मग हिंदू जोडप्यानं सरळ नमुना ड का भरू नये, हा प्रश्न उरतोच.

कार्यालयाची सही आणि मांडवातलं लग्न यांच्या तारखा वेगळ्या असल्या तर पुढे सगळीकडे, व्हिसाच्या अर्जात, बँकेत, विम्यात, प्रमाणपत्रावरचीच तारीख लिहा. एका अर्जात ११ आणि दुसऱ्यात १२ असं झालं की विनाकारण खुलासे देत बसावं लागतं.

नोटीस देण्यासाठी महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरता येते आणि जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ती दाखल होते. ओळख पटवण्यासाठी दोघंही लागतात. एकानं येऊन दुसऱ्याचा अर्ज देणं चालत नाही, म्हणून परदेशातल्या माणसाची एक फेरी यासाठीच राखावी लागते. सरकारी फी अगदी किरकोळ आहे. ‘सर्व काही करून देतो’ म्हणून हजारो रुपये मागितले जातात ते फीसाठी नव्हेत. काही कार्यालयं नोटिशीच्या वेळीही साक्षीदारांची ओळखपत्रं बघतात. कायद्यानं तीन साक्षीदार लागतात ते विवाहाच्या दिवशी. ते सज्ञान हवेत, नातेवाईकच हवेत असं नाही.

कागद मोजकेच आहेत, पण प्रत्येकात एक खाच आहे. वयासाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. आधार कार्ड यासाठी पुढे करू नका. तो जन्मतारखेचा पुरावा नाही हे आधार देणाऱ्या प्राधिकरणानंच स्पष्ट केलेलं आहे, आणि कित्येक जुन्या कार्डांवर तर नुसतं जन्मवर्षच असतं. पत्त्याच्या पुराव्यावर सर्वांत जास्त अर्ज परत येतात. भाड्यानं राहणाऱ्या मुलीच्या आधारवर सांगलीचा पत्ता आणि पुण्यात राहत असल्याचा कागद एकही नाही, ही नेहमीची अडचण. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार स्वतःच्या नावावर असेल तर काम सोपं होतं. तीन मैत्रिणी राहतात आणि करार एकीच्याच नावावर आहे, असं असेल तर निदान दोन महिने आधी दुसरा सबळ पुरावा तयार करा: आधारवरचा पत्ता बदला, किंवा नवीन करारात नाव घाला. घरमालकाच्या साध्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका. मूळ कागद बरोबर न्या. झेरॉक्सवर स्वतःची सही करून दोन संच ठेवा.

आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयाकडून मिळालेली प्रमाणित प्रत हवी. वकिलानं पाठवलेली छायाप्रत चालत नाही. परस्पर संमतीचा घटस्फोट नसेल तर आणखी एक बघायचं: अपिलाची मुदत उलटल्याशिवाय आणि अपील झालेलं असेल तर ते फेटाळल्याशिवाय दुसरं लग्न करता येत नाही. जोडीदाराचं निधन झालं असेल तर मृत्यूचा दाखला. परदेशी नागरिक असेल तर तो विवाहास मोकळा असल्याचं त्याच्या दूतावासाचं पत्र, आणि ते मिळायला लागणारा वेळ नोटिशीच्या आधी धरायचा.

नाव जुळत नाही ही तक्रार वाचायला क्षुल्लक वाटते, पण व्हिसाच्या कामात ती महिने खाते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. आधारवर ‘दीपक’ दोन ‘ई’ लावून, दाखल्यावर एक ‘आय’ लावून. परदेशी जायचं असेल तर पासपोर्ट हा पाया धरा आणि नोटिशीत त्यातलंच स्पेलिंग अक्षरशः उतरवा. बाकीच्या कागदांत फरक असेल तर आधी ते दुरुस्त करा किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. विवाहाच्या दिवशी सहीआधी प्रमाणपत्राचा मसुदा समोर येतो तेव्हा फोटोग्राफरला दोन मिनिटं थांबवा आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचा: नाव, आडनाव, जन्मतारीख, दोघांच्या वडिलांची नावं, पत्ता. वर वाचेल वधूचं, वधू वाचेल वराचं, कारण स्वतःच्या नावातली चूक डोळा गिळून टाकतो. नंतर चूक सापडलीच तर मूळ नोंद खोडत नाहीत. तुम्हा दोघांसमोर समासात दुरुस्तीची नोंद होते, आणि ती दुरुस्ती प्रत्येक प्रतीवर दिसते. शिवाय प्रमाणपत्रावर वधूचं नाव लग्नाआधीचंच राहतं. सासरचं नाव लावायचं असेल तर ते वेगळं काम आहे. व्हिसा हातात येईपर्यंत त्याला हात लावू नका.

आता फलकाविषयी. विवाह अधिकारी नोटीस आपल्या नोटीस बुकात नोंदवून कार्यालयात ठळक जागी लावतात. पण एवढ्यावर ते थांबत नाही. दोघांपैकी कोणी त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल तर नोटिशीची प्रत त्याच्या कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. तुमच्या बाबतीत पुण्याबरोबर सांगली आणि नाशिक. घरचे सोबत असतील तर याचं काही वाटत नाही. पण घरच्यांच्या विरोधात लग्न करणाऱ्या मुला-मुलींना हे ठाऊक नसतं, आणि गावच्या कार्यालयातल्या काचेच्या पेटीत आपलं नाव-पत्ता लागल्याचं त्यांना घरून आलेल्या फोनवरून कळतं. ही तरतूद अशा जोडप्यांवर अन्याय करते असं मी मानतो. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं होतं, पण तो निर्णय महाराष्ट्रावर बंधनकारक नाही आणि आपल्याकडे नोटीस लागते असंच धरून तयारी करावी. कायमचा पत्ता लपवून किंवा खोटा देऊन यातून वाट काढू नका. खोट्या विधानाचा गुन्हा आणि वर हरकतीला आयतं कारण, असं दुहेरी नुकसान होतं. त्याऐवजी नोटीस द्यायच्या आधीच वकिलाशी बोला. जिवाला धोका वाटत असेल तर पोलीस आयुक्तालयात किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच जवळ ठेवा. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असे आदेश दिले आहेत. अर्जात त्याचा उल्लेख करा.

हरकत कोणीही घेऊ शकतो, पण कारणं मोजकीच: दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात आहे आणि तो विवाह कायम आहे, वय पूर्ण नाही, मानसिक स्थितीमुळे वैध संमती देता येत नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. ‘आम्हाला मान्य नाही’, ‘जात वेगळी’, ‘धर्म वेगळा’, ‘मुलाला नोकरी नाही’ ही कारणं कायद्यात नाहीत. हरकत नोटीस बुकात लिहून तिच्यावर हरकतदाराची सही घेतली जाते. अधिकाऱ्यानं तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. हरकत प्रामाणिक नव्हती असं दिसलं तर हरकतदाराला हजार रुपयांपर्यंत खर्च भरायला लावता येतो. हरकत मान्य झाली तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. नातेवाईक कार्यालयात येऊन आरडाओरडा करतात ती हरकत नव्हे. ‘लेखी हरकत दाखल आहे का, कोणत्या कारणावर’ हे शांतपणे विचारा. नसेल तर तुमचे तीस दिवस चालूच असतात.

निषिद्ध नात्याचा मुद्दा महाराष्ट्रात फार महत्त्वाचा, कारण मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण या सगळ्या निषिद्ध यादीत आहेत. रूढीचा अपवाद आहे, पण तिथे ‘रूढी’ म्हणजे राज्य सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेला नियम. नुसतं ‘आमच्यात चालतं’ म्हणून भागत नाही. हिंदू विवाह कायद्यात मात्र समाजातली प्रत्यक्ष चालत आलेली रूढी पुरते. त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न असेल तर नोटिशीच्या वाटेला जाऊच नका. विधीनं लग्न लावा आणि नमुना ड भरा.

विवाहाच्या दिवशी घोषणापत्रावर तुम्हा दोघांच्या आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात. मग प्रत्येकानं दुसऱ्याला, अधिकारी आणि साक्षीदारांच्या समोर, तुम्हा दोघांनाही कळेल अशा भाषेत म्हणायचं असतं की मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारत आहे. बऱ्याच ठिकाणी हे घाईघाईत, सह्यांच्या गडबडीत पुटपुटलं जातं. तसं करू नका. कायद्याच्या दृष्टीनं या वाक्याशिवाय विवाह पूर्ण आणि बंधनकारक होत नाही. सप्तपदीतल्या सातव्या पावलाचं जे स्थान, तेच इथे या वाक्याचं. ते मराठीत, स्पष्ट, एकमेकांकडे बघून म्हणा. हार-पेढे नंतर.

धर्म वेगळे असणाऱ्यांनी एक परिणाम आधीच समजून घ्यावा. एकत्र कुटुंबातली हिंदू व्यक्ती हिंदू, बौद्ध, जैन, शीख नसलेल्या व्यक्तीशी या कायद्याखाली विवाह करते तेव्हा ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं कायदा मानतो, आणि वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ठरतो. तिचा हिस्सा जात नाही, पण गावी सामायिक जमीन किंवा वाडा असेल तर लग्नाआधी एकदा दिवाणी वकिलाकडे बसून कागद बघून घ्या. दोघंही हिंदू असाल तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे हा परिणाम होत नाही. जुन्या ऐकीव माहितीवर ‘रजिस्टर लग्न केलं तर वाटणी जाते’ असं सांगणारे आजही भेटतात.

‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ अशा पाट्या बघून जाऊ नका. विशेष विवाह कायद्यात एक दिवसाचा विवाह नाहीच. त्या पाटीमागे बहुधा कुठल्यातरी संस्थेतला झटपट विधी आणि नमुना ड असतो, किंवा त्याहून वाईट, शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. नोटरीला विवाह लावायचा अधिकार नाही. तो कागद घेऊन तुम्ही अविवाहितच राहता.

गोव्यात लग्न करायचा बेत असलेल्यांसाठी दोन ओळी. तिथे नागरी नोंदणीची पद्धत वेगळी आहे. तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे आधी विवाहाच्या इराद्याची ‘पहिली सही’, मग हरकतींची मुदत, मग ‘दुसरी सही’. पहिली सही करून थांबलेलं जोडपं विवाहित नसतं. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते. महाराष्ट्रातून समुद्रकिनारी सोहळ्यापुरतं जाणाऱ्यांनी कायदेशीर बाजू इकडेच, आपल्या जिल्ह्यात आखावी.

प्रमाणपत्र मिळालं की लगेच फी भरून त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून घ्या. एक मुलाबरोबर न्यू जर्सीला, एक मुलीच्या व्हिसाच्या फाइलमध्ये. तुमचं लग्न आंतरजातीय आहे आणि दोघांपैकी एकजण अनुसूचित जातीचा असेल, तर समाजकल्याण विभागाच्या पन्नास हजार रुपयांच्या प्रोत्साहन योजनेसाठी तिसरी प्रत लागेल. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. परदेशासाठी पुढे अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून केलं जाणारं सरकारी प्रमाणीकरण) करायची वेळ आली तर शिक्का मूळ कागदावरच उमटवावा लागतो.